काबोचाचा पहिला घाव

आई, तुझी भोपळ्यांची वही माझ्यासमोर उघडी आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेली, आणि आत पानापानावर मी स्केचपेनने काढलेले भोपळे. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला काही लिहावं असं मला कधी वाटलं नाही. तुझ्याशी काही बोलायचं राहिलंय, हेच मी मनातल्या मनात टाळत आले. पण गेल्या आठवड्यात नईमच्या बाजारात चाचा भेटले, तुझ्या दुकानातले मटणाच्या काउंटरवरचे, आणि त्यांनी सहज एक गोष्ट सांगितली. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. एक भोपळा कोणी फोडला, एवढीच ती गोष्ट. पण ती तुझ्यामाझ्यात तीस वर्षं तशीच पडून आहे.

तेव्हा आपण बहारीनला, मनामाच्या गुदैबिया भागात राहायचो. खाली मल्याळी हॉटेल, वर तिसऱ्या मजल्यावर आपण, आणि सकाळी सहा वाजल्यापासून जिन्यात डोशाचा वास. बाबा तुबलीच्या गॅरेजमध्ये फोरमन होते. दादाला दहावीसाठी चिपळूणला काकांकडे ठेवलं होतं. मी बारा वर्षांची, इंग्रजी शाळेत जाणारी; तू मराठीत विचारावंस आणि मी इंग्रजीत उत्तर द्यावं, असं आपलं चालायचं. दादा गेल्यावर तुझ्या हातांना काही सुचेना. चार माणसांच्या पोळ्या लाटायची सवय, रोज दोन-तीन उरायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कुस्करून फोडणीला घालताना तू कुणाशीच बोलायची नाहीस. मग बाबांच्या ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की मनामातल्या एका मोठ्या सुपरमार्केटात भाजीच्या विभागाला बाई हवी आहे. तू आधी नको म्हणालीस. मग म्हणालीस, बघते महिनाभर. पंजाबी ड्रेसवर हिरवा एप्रन आणि छातीवर नावाची प्लॅस्टिकची पट्टी लावून तू पहिल्या दिवशी आरशासमोर उभी राहिलीस, ते मला आठवतं. पट्टी तू तीनदा सरळ केलीस.

त्या दुकानात अमेरिकन तळावरच्या बायका यायच्या आणि कारखान्यांच्या कामावर आलेल्या जपानी इंजिनियरांच्या बायकाही यायच्या. नोव्हेंबर लागला, एसी बंद करून खिडक्या उघडायचे दिवस आले, की लाकडी खोक्यांतून भोपळे उतरायचे. काही अमेरिकेतून, काही न्यूझीलंडमधून. तू आयुष्यभर तीन भोपळे ओळखत आलेलीस: तांबडा, दुधी आणि कोहळा. आणि इथे एकाच मांडणीवर सात-आठ तऱ्हा. अमेरिकन बायका त्या सगळ्यांना मिळून विंटर स्क्वॉश म्हणायच्या. "हिवाळ्यात पिकतो का हा?" तू विचारलंस. त्यांच्यातली एक गोरी, जाडसर, सदा हसणारी बाई होती, ती म्हणाली, नाही, पिकतो आधीच, हिवाळाभर टिकतो म्हणून विंटर. घरी येऊन तू मला सांगितलंस, "टिकतो त्याचं नाव. बरं आहे की नाही?" आणि त्याच संध्याकाळी ही वही काढलीस.

पहिल्या पानावर बटरनट. खाली तुझ्या अक्षरात: "सुरईसारखा. अमेरिकन बाई सूप करते. आपली भाजी होते, पण मिळमिळीत. मेथी जास्त घालावी." मग एकॉर्न: "कंगोऱ्यांचा, गडद हिरवा. उभा अर्धा करून पोटात लोणी आणि तपकिरी साखर घालून भट्टीत ठेवतात. चमच्यानं खातात." मग स्पगेटी, ज्याला तू शेवयांचा भोपळा म्हणायचीस, तो उकडून काट्यानं ओढला की खरंच शेवया सुटायच्या आणि बाबा म्हणायचे, यात दूध-साखर घालू का. मग हबर्ड, निळसर राखाडी, अंगभर फोड, एवढा मोठा की तुला दोन हातांनी उचलावा लागायचा. त्या हसऱ्या बाईनं सांगितलं होतं की तिची आजी हबर्ड कापायचीच नाही, ओट्यावरून फरशीवर टाकायची आणि आपोआप फुटायचा. ते तुला फार आवडलं. त्याखाली तू लिहिलंयस, "हा कुणी फोडायचा हा प्रश्नच नाही."

आणि मग काबोचा. त्याला तू दोन पानं दिलीस. चपटा, काळपट हिरवा, सालीवर फिकट रेघा, हातात घेतला तर दगडासारखा. तो घ्यायला एक जपानी बाई दर बुधवारी यायच्या. बारीक, हळू बोलणाऱ्या, वस्तू दोन्ही हातांनी देणाऱ्या. त्यांचं इंग्रजी तुझ्याइतकंच होतं, त्यामुळे तुमचं छान जमलं. त्यांनी सांगितलं की जपानीत सगळ्याच भोपळ्यांना काबोचा म्हणतात. आणि अमेरिकन बाई मात्र फक्त या एका हिरव्यालाच काबोचा म्हणते. यावर तू बराच विचार केलास आणि जेवताना म्हणालीस, "म्हणजे हिच्याकडे ते आडनाव आहे, आणि तिच्याकडे नाव." बाबा घास हातात धरून हसले होते. बहारीनी लोक भोपळ्याला बूबर म्हणतात, तेही तू समासात लिहून ठेवलंस. काबोचाच्या पानावर आहे: "साल पूर्ण काढू नये, मधूनमधून ठेवावी. साखर, सोया सॉस, थोडं पाणी, झाकण. ढवळू नये, मोडतो. चव उकडलेल्या रताळ्याची, थोडी फणसाच्या आठळीची. आणल्या आणल्या कापू नये. आठ-दहा दिवस थांबला की गोड होतो." गिऱ्हाइकांनाही तू हेच सांगायचीस. "कीप टेन डेज, मॅडम. मोर स्वीट." त्या वर्षी मी शाळेतून परस्पर दुकानात यायची, पालेभाजीच्या रॅकमागे बसून गृहपाठ करायची आणि तुझं इंग्रजी ऐकायची. तू तिथे वेगळीच बाई होतीस. मोठ्यानं हसायचीस. घरी तुला तसं हसताना मी दादा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

अडचण एकच होती. ते भोपळे इतके टणक की गिऱ्हाइकांना ते कापून हवे असायचे. अर्धा, पाव, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. आणि तू अख्ख्या भोपळ्यावर सुरी चालवायची नाहीस. अख्खा भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, बाईनं त्याला घाव घालायचा नाही, पुरुषानं पहिला घाव घातला की मग ती भाजी. हे तू तुझ्या आईकडून घेऊन आलेलीस आणि त्यात तुला समजवण्यासारखं काही नव्हतं. आधी ती सणावारी आठवायची गोष्ट होती. दादा चिपळूणला राहिल्यापासून ती रोजची झाली. म्हणून दर वेळी तू भोपळा कडेवर घेतल्यासारखा उचलायचीस आणि मटणाच्या काउंटरवर न्यायचीस. तिथे चाचा. रत्नागिरीकडचे, पांढरी दाढी तेव्हाच आलेली, पोटावर रबरी एप्रन.

"काय वयनी, आज किती थोरले आणलांत?"

"दोनच. आणि सुरी धुऊन घ्या."

"धुतलीय हो. सकाळपासून चारदा धुतलीय. तुमच्या भोपळ्यापायी माझी सुरी झिजंल."

मग ते बिस्मिल्ला म्हणून एक घाव घालायचे आणि सुरी तशीच रुतवून भोपळा तुझ्याकडे ढकलायचे. पुढचं तू. एकदा तू म्हणालीस, "चाचा, भोपळ्याला कसली बिस्मिल्ला?" तर ते म्हणाले, "तुमीच म्हनता ना, मुलगा आहे म्हनून. मग नाव न घेता कसा हात लावू?" पदर नव्हता म्हणून तू ओढणीनं तोंड झाकून हसलीस.

मला त्याची लाज वाटायची. बारा वर्षांच्या मुलीला आपल्या आईच्या बहुतेक गोष्टींची वाटते. एकदा ती हसरी अमेरिकन बाई एकॉर्न घ्यायला आली आणि तू चाचांकडे गेलीस, तेव्हा तिनं मला विचारलं, तुझी आई तिकडे का गेली? मी म्हटलं, "शी थिंक्स द पंपकिन इज हर सन." ती खळखळून हसली. मीही हसले. तू परत आलीस तेव्हा आम्ही हसत होतो, आणि काय झालं ते न कळूनही तू आमच्याबरोबर हसलीस. आपण घरी आलो. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबलीस आणि म्हणालीस, "माझ्यावर हस. खुशाल हस. पण मला कळणार नाही अशा भाषेत हसू नकोस." बस. तू मला मारलं असतंस तर मी विसरून गेले असते.

डिसेंबरात कुणीतरी तक्रार केली की आम्ही शाकाहारी माणसं, आम्ही घेतो तो भोपळा मटणाच्या काउंटरवर कापतात. गुरुवारी दुपारी सुपरवायझर तुझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी रॅकमागेच होते. "मॅडम, ये तमाशा बंद. सब्ज़ी आपकी, चाकू आपका, काटेंगी भी आप. शनिवार से. नहीं तो मैं दूसरा आदमी रखता हूँ. खलास." चाचा लांबून मान खाली घालून काहीतरी पुसत राहिले. तू "जी सर" म्हणालीस. त्याच दिवशी, थोड्या वेळानं, त्या जपानी बाई आल्या. त्यांच्याकडे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी काबोचा खातात, त्यानं थंडीत आजारपण येत नाही असं मानतात. त्यांनी दोन घेतले आणि त्यातला एक, पैसे देऊन झाल्यावर, दोन्ही हातांनी तुझ्यापुढे धरला. "फॉर युअर फॅमिली. नो सिक." तू तो घेतलास तेव्हा तुझे डोळे भरले होते. त्यांना वाटलं भेटीमुळे.

संध्याकाळी बाबा चहा घेत होते आणि तू त्यांना सगळं सांगितलंस. बाबा म्हणाले, "मग फोड की. मुंबईच्या बायका काय नवऱ्याची वाट बघत बसतात?"

"त्यांचे मुलगे त्यांच्याजवळ असतात."

बाबांनी कप खाली ठेवला. नंतर तू म्हणालीस, "मी सोडते ती नोकरी." अगदी साध्या आवाजात, दूध संपलंय सांगावं तशी.

मी आतल्या खोलीत ऐकत होते. मला ती नोकरी जायला नको होती. मला दुकानात हसणारी आई हवी होती, आणि ती एका भोपळ्यापायी जाणार होती. म्हणून मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, शाळा नाही. तू आठ वाजता कामावर गेलीस. बाबा घरी होते, पण नऊच्या सुमारास गॅरेजमधून फोन आला आणि तेही गेले. जपानी बाईंचा काबोचा ओट्यावर होता. मी तो पाटावर घेतला, मोठी सुरी टेकवली आणि बाबांच्या पेटीतल्या हातोडीनं सुरीच्या पाठीवर मारलं. पहिल्यांदा सुरी घसरली. दुसऱ्यांदा अर्धी आत गेली आणि अडकली. मी घामाघूम झाले. शेवटी तो वेडावाकडा फाकला. आत गडद पिवळा, कच्च्या काकडीसारखा वास. मी खिडकीतून खाली बघितलं. हॉटेलवाला पाणी मारत होता, सगळं होतं तसंच. माझा बेत असा होता की आठ दिवस गप्प राहायचं, आणि पुढच्या शुक्रवारी तुला सांगायचं: बघ, मी फोडला, मी मुलगी आहे, आणि दादाला काहीही झालेलं नाही. मग तू शहाण्यासारखी दुकानात सुरी चालवशील.

तू दोन वाजता आलीस. "हा कुणी फोडला?"

"बाबांनी. जाताना."

तू दोन्ही अर्धुकं उचललीस. जोडून बघितलीस. पुन्हा वेगळी केलीस. सालीवरच्या हातोडीच्या खुणेवरून अंगठा फिरवलास. बाबा काहीही कापायचे ते आखल्यासारखं, साबणाची वडीसुद्धा. "बरं झालं," तू म्हणालीस. मग बिया काढता काढता, माझ्याकडे न बघता: "तुला कुठं लागलं नाही ना?"

"मला कशाला लागेल?" मी म्हटलं.

तू मला किसणी दिलीस. त्या दिवशी आपण घारगे केले. किसलेला काबोचा गुळात शिजवताना तू म्हणालीस, हा आपल्या भोपळ्यासारखा पाणी सोडत नाही, मळताना दूध लागेल. मी खसखस लावत होते, तू थापत होतीस. बाबा संध्याकाळी आले, एकामागून एक सहा घारगे खाल्ले, आणि म्हणाले, "आज हे कुठून?" तू म्हणालीस, "जपानहून." आता तू म्हणशील, बरं केलंत फोडून गेलात ते, आणि माझं खोटं उघडं पडेल. तू म्हणालीच नाहीस. त्यांना आणखी एक वाढलास. मला वाटलं, मी सुटले. आई, किती वर्षं मला असंच वाटत होतं.

नोकरी न सोडता शनिवारीही तू कामावर गेलीस. बाबांना म्हणालीस, जमवते काहीतरी. मला आनंद झाला, पण मी आठ दिवसांचा बेत मोडला नाही. त्या आठवड्यात परीक्षा होती, म्हणून मी दुकानात न येता शाळेतून सरळ घरी जायची. मंगळवारी मी घरी आले तर तू फोनवर होतीस. चिपळूणहून काकांचा. दादा सायकलवरून उतारावर पडला होता. पाय दोन ठिकाणी मोडला होता, आणि दहावी तोंडावर. तू फोन ठेवलास आणि तिथेच फरशीवर बसलीस. मी दारात, पाठीवर दप्तर. माझं तोंड उघडलं होतं. मी "आई" एवढंच म्हणाले होते. तू मान वर केलीस आणि मला पुढे बोलूच दिलं नाहीस. "माझ्यामुळे झालं," तू म्हणालीस. "शनिवारी दुकानात मी फोडला. माझ्या हातानं. सगळे चार दिवस मीच फोडत होते." आणि आई, मला हायसं वाटलं. माझा भाऊ तिकडे पाय मोडून पडला होता, तू फरशीवर बसली होतीस, आणि मला हायसं वाटलं, की तो माझा घाव नव्हता. मी तोंड मिटलं. दप्तर उतरवून तुला पाणी आणून दिलं.

बाबा त्या संध्याकाळी चिडलेच. "पोरगा सायकलवरून पडला. ब्रेक लागला नाही. त्यात भोपळा कुठून आला?"

"तुम्ही काही म्हणा. मी आता तिथं पाय ठेवणार नाही."

आणि ठेवला नाहीस. एप्रन धुऊन, इस्त्री करून, नावाची पट्टी वर लावून बाबांच्या हाती परत पाठवलास. दोन दिवसांनी तू चिपळूणला गेलीस. दादानं स्टुलावर प्लॅस्टरचा पाय ठेवून पेपर लिहिले आणि बऱ्यापैकी पास झाला. आता त्याला टक्कल पडलंय, मुलांच्या गोष्टी सांगतो, आणि कुणी विचारलं तर म्हणतो की आईनं चार महिने हातानं भरवलं ते मात्र झक्कास होतं. तू एप्रिलमध्ये परत आलीस. घरात पुन्हा शांत आई. वहीत काबोचानंतर एकच पान आहे, डेलिकाटाचं. पिवळ्यावर हिरवे पट्टे मी मोठ्या हौसेनं काढले होते. त्याच्याखाली तू काही लिहिलं नाहीस.

आता चाचा. त्यांच्या मुलाचं नईममध्ये मसाल्यांचं दुकान आहे. मी वेलची घ्यायला शिरले, आणि दाराजवळच्या खुर्चीतले म्हातारे माझ्याकडे बघत राहिले. "गो बाय, तू भोपळेवाल्या वयनीची पोर ना? तशीच दिसतेस." मी त्यांना ओळखलं ते आवाजावरून. त्यांनी तू कशी आहेस विचारलं, मी सांगितलं, ते डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग हसायला लागले. "तुझी आई भारी हुशार बाई होती. त्या सायेबानं दम दिलान तेव्हा काय केलान माहिताय? नवी सुरी विकत आणलान, भाजीची. मागच्या दारी खोकी उतरायची ना, तिथं मला बोलवायची. सुरी तिची, घाव माझा. बाकी ती आत येऊन कापायची. सायेब म्हनायचा, देखो, मॅडम सीख गयी. आमी दोघं त्याच्यासमोर गप्प."

मी विचारलं, "म्हणजे तिनं स्वतः एकही फोडला नाही?"

"तिनं? छे गो. ती जीव देती, पन घाव घालती ना. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, सगळे मीच. बुधवारी आलीच नाय. चांगली तोड काढलेली, आनी ती गेली कशाला, ता मला आजपन कळला नाय."

मला कळलं. मी वेलची तिथेच विसरून बाहेर आले आणि गाडी सोडून कितीतरी वेळ चालत राहिले, आपल्या जुन्या इमारतीपर्यंत. खाली आता हॉटेल नाही, मोबाइलचं दुकान आहे. दुसऱ्या मजल्याच्या जिन्याची खिडकी मात्र तशीच आहे. तिच्याकडे बघत उभी राहिले आणि सगळं ओळीनं आठवत गेलं. जोडून बघितलेली अर्धुकं. तुला कुठं लागलं नाही ना. बाबांना न विचारणं. आणि फोननंतर मला वाक्य पुरं करू न देणं. तू नोकरी वाचवली होतीस, आई. तोड काढली होतीस, तीही चाचांना हसवत. आणि मग एका वाक्यात ती टाकून दिलीस, कारण माझ्या हातानं झालं म्हणणारी बाई दुसऱ्या दिवशी त्याच कामावर जाऊ शकत नाही. गेली असतीस तर मी तुझ्यावर विश्वास ठेवला नसता. मी एवढी हुशार होते हे तुला ठाऊक होतं.

भोपळ्यानं पाय मोडत नाहीत. मी तेव्हाही मानत नव्हते, आताही मानत नाही. पण तू मानत होतीस. त्या दुपारी फरशीवर बसून तुला मनापासून खरं वाटत होतं की तुझ्या मुलाचा पाय तुझ्या मुलीनं मोडला. तेवढ्या वेळात, मी "आई" म्हणून पुढे बोलेपर्यंतच्या त्या वेळात, तू ते माझ्याकडून काढून घेतलंस. आणि नंतर कधी मला एका शब्दानं टोचलं नाहीस. मी कॉलेजात असताना तुझ्या उपासतापासांवर काय काय बोलायचे, तेव्हासुद्धा नाही. तुझ्या शेवटच्या आजारात मी महिनाभर तुझ्याजवळ होते. तू एकदा म्हणाली होतीस, "त्या घारग्यांना काय रंग आला होता, नाही?" मी म्हटलं, हो. मला वाटलं तुला भेट देणाऱ्या जपानी बाई आठवल्या.

माझ्या मुलाला तू पाहिलं नाहीस. एकुलता एक आहे, आणि सप्टेंबरात शिकायला कॅनडाला गेला. काल मी दुकानातून काबोचा आणला. आता चिकटपट्टीवर इंग्रजी आणि अरबी दोन्हीत नाव छापलेलं असतं, कुणाला काही सांगावं लागत नाही. संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तो ओट्यावर मागेच होता.

"आई, व्हॉट्स दॅट ग्रीन थिंग?"

"काबोचा. तुझी आजी विकायची."

"ओपन इट ना. आतून कसा दिसतो?"

"दाखवेन नंतर."

"का? आत्ताच काप की."

मी म्हटलं, थांबला की गोड होतो, आजीनं लिहून ठेवलंय. त्यानं मान डोलावली आणि त्याच्या तिकडच्या थंडीचं सांगायला लागला.

हे पत्र मी डेलिकाटाच्या पानात ठेवतेय, तू मोकळी ठेवलेली जागा आहे तिथे. बाबांनी फोडला असं मी म्हणाले ते खोटं होतं. तुला माहीत होतं, पण मी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. आणि एक. माझा नवरा कामासाठी दुबईला गेलाय, गुरुवारी येईल. काबोचा तोवर ओट्यावर तसाच अख्खा राहील. मुलाला मी गोडीचं कारण सांगितलं. ते खरं कारण नाही.